२१२ कशावरून?

आमची संघटना नोंदवायला चौदा महिने लागले. त्यातले अकरा महिने फक्त एका प्रश्नात गेले. तो प्रश्न वर शीर्षकात आहे. अजून तो कानात वाजतो, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी एका मोठ्या खासगी रुग्णालयात ठेकेदाराकडे कामाला आहे. कागदावर 'हाउसकीपिंग असिस्टंट', वॉर्डात 'ओ मावशी'. पुरुष असला की 'ओ मामा'. बारा वर्षं तोच मजला पुसते आहे, पण ठेकेदार बदलला की माझी नोकरी नव्यानं सुरू होते. ओळखपत्रावर रुजू झाल्याची तारीख कायम गेल्या वर्षातली. एका रात्रपाळीत आयसीयूतल्या ताईनं सगळ्यांच्या पीएफचं पासबुक मोबाईलवर उघडून दाखवलं. पगारातून कापलेले पाच महिने पासबुकात कोरे होते. सुपरवायझर म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं हे बघायला?" तिथून सगळं सुरू झालं.

मीटिंगा, वर्गणी, संघटनेची घटना म्हणजे नियमावली लिहिणं हे मी गाळते. ते जमतं. शेजारच्या महापालिकेतल्या सफाई कामगारांच्या जुन्या संघटनेनं आम्हाला त्यांच्या घटनेची प्रत दिली आणि एक कोरं पावतीपुस्तकही दिलं. त्यांच्या सचिवांना आम्ही काका म्हणतो. काका त्यांची ड्युटी संपवून तीन रविवार आमच्याकडे येऊन बसले, चहाशिवाय काही घेतलं नाही.

तेव्हा १९२६ चा ट्रेड युनियन कायदा चालू होता. अर्जाला किमान सात सह्या लागत. २००१ च्या दुरुस्तीनंतर आणखी एक अट आली होती: आस्थापनेतले किंवा उद्योगातले दहा टक्के किंवा शंभर कामगार, यातला कमी आकडा असेल तितके सभासद हवेत. आम्ही ड्युटी चार्टवरून मोजलं तर माणसं २१२ निघाली. दहा टक्के म्हणजे बावीस. आमच्याकडे ६४ सभासद होते. मला वाटलं, जवळजवळ तिप्पट आहेत, अडवणार कशावर? फेब्रुवारी २०२३ मध्ये रात्रपाळी संपवून, अंगाला फिनाईलचा वास घेऊनच, मी आणि लॉन्ड्रीतले मामा कामगार खात्यात, संघटना नोंदवणाऱ्या निबंधकांच्या कार्यालयात अर्ज द्यायला गेलो.

टेबलावरच्या मॅडमनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, तिसऱ्यावर थांबल्या. पेन्सिल घेतली आणि २१२ भोवती हलकेच गोल काढला.

"हे कशावरून?"

"आम्ही मोजलेत."

"तुम्ही मोजून कसं चालेल?"

तो पेन्सिलीचा गोल मी पुढे इतक्या वेळा पाहिला की स्वप्नात यायचा.

आम्ही ठेकेदाराला रीतसर पत्र दिलं, कामगारांची एकूण संख्या लेखी द्या म्हणून. त्यानं पत्र घेतलं, पोहोच दिली नाही. रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं तर 'घेण्यास नकार' असा शेरा पडून परत आलं. मग लॉन्ड्रीच्या भिंतीवरच्या ड्युटी चार्टचे फोटो काढले. ते कसं कोण जाणे वर कळलं आणि दुसऱ्या दिवशी चार्ट सुपरवायझरच्या केबिनमध्ये गेला, मोबाईल वॉर्डात आणायला बंदी आली. फोटोंच्या प्रिंट घेऊन गेले तर मॅडम म्हणाल्या, "यावर कुणाची सही नाही, शिक्का नाही." शंभराच्या स्टँपवर प्रतिज्ञापत्र करून नेलं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, "हे परत तुमचंच म्हणणं झालं ना." चूक नव्हतं ते. म्हणूनच जास्त राग आला.

मध्ये एक त्रुटीपत्र आलं. उत्तराला पंधरा दिवस, पाकीट हातात पडलं तेव्हा नऊ उरलेले. उत्तर दिलं. मग साहेबांची बदली. नवे साहेब येईपर्यंत फाईल 'वर' होती. वर गेले तर 'खाली पाठवली' म्हणाले. रात्रपाळी करून त्या बाकावर मी इतक्यांदा झोपले आहे की शिपाईमामा मला ओळखीनं उठवायचे, "बाई, आज साहेब नाहीत, घरी जाऊन झोपा." प्रत्येक खेपेला निम्म्या दिवसाचा खाडा. आमच्यात ठरलं होतं की जो जाईल त्याचा खाडा बाकीच्यांनी दहा-दहा रुपये काढून भरायचा. हे पैसे कधीच कमी पडले नाहीत, हे इथंच सांगते, नाहीतर राहून जाईल.

इथे एक सांगायला हवं. बायका मला विचारायच्या, "नोंदणीच कशाला? आपण सगळ्या एक आहोतच की." मी त्यांना काकांनी सांगितलेली मद्रासची गोष्ट सांगायची. १९१८ मध्ये तिथे गिरणी कामगारांची मद्रास लेबर युनियन निघाली, बी. पी. वाडिया तिचे अध्यक्ष होते. मालक हायकोर्टात गेले आणि वाडियांविरुद्ध मनाईहुकूम आणला. कामगारांना एकत्र करणं हाच गुन्हा ठरायला लागला, तेव्हा कायद्याची मागणी जोर धरू लागली आणि १९२६ चा कायदा आला. नोंदलेल्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना संघटनेच्या कामासाठी कटाच्या कलमाखाली गोवता येत नाही, संपाबद्दल मालकाच्या नुकसानीचा दावा लावता येत नाही, हे संरक्षण त्यात होतं. कुणाचं डोकं फोडलंत तर अर्थातच नाही. पण आम्हाला डोकी फोडायची नव्हती, पीएफचे पाच महिने हवे होते.

आठव्या महिन्यात मोठा दणका बसला. अर्जावर सह्या केलेल्या सात जणांपैकी दोघींना सुपरवायझरनं केबिनमध्ये बोलावलं. दार बंद. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या सहीची पत्रं तयार होती: 'आमचा सदर संघटनेशी काहीही संबंध नाही.' पत्रं थेट निबंधकांकडे गेली. त्यातली एक संध्याकाळी माझ्याकडे येऊन रडली. तिचा मुलगा दहावीला होता, कंत्राटाचं नूतनीकरण तोंडावर होतं. मी तिला काही बोलले नाही. मनात मात्र खूप बोलले, ते आता लिहीत नाही.

पुढच्या खेपेला मॅडम म्हणाल्या, "सातातले दोन गेले. आता पाचच. नवीन अर्ज करा."

आठ महिने! माझ्या घशाशी आलं. मामांनी पिशवीतून कायद्याचं ते पातळ पुस्तक काढलं. चहाचे डाग पडलेलं, पानं सुटलेलं. कलम ४, पोटकलम २. बोट ठेवून एकेक शब्द वाचला: अर्ज केल्यानंतर आणि नोंदणी होण्याआधी अर्जदारांपैकी काही सभासद राहिले नाहीत किंवा त्यांनी अर्जाशी संबंध नाही असं लेखी कळवलं, तरी त्यांची संख्या अर्ध्याहून जास्त नसेल तर तेवढ्यानं अर्ज बाद होत नाही. मामा सातवी शिकलेत. त्यांना इतकं सावकाश वाचताना मी कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब टाइप करायचे थांबले. मॅडमनी पुस्तक हातात घेतलं, पुन्हा वाचलं, परत दिलं.

"बरं. हे ठीक आहे. पण २१२ कशावरून?"

आम्ही दोघं जिन्यात जाऊन हसलो. दुसरं काय करणार.

यातून शिकण्यासारखं एकच: सात सह्या पुरतात म्हणून सातच घेऊ नका. आम्ही तो मूर्खपणा केला. सातात तीन फुटले तरी चालतं, चौथा फुटला की संपलं. पंधरा-वीस सह्या घ्या, आणि एकाच वॉर्डातल्या घेऊ नका, नाहीतर एकच सुपरवायझर सगळ्यांना केबिनमध्ये घेईल.

सुटका काकांनी केली. मी फोनवर रडगाणं गात होते, ते ऐकून घेऊन म्हणाले, "ताई, त्या ठेकेदाराला कंत्राटी कामगार ठेवायचा परवाना कुणी दिला?"

मी गप्प. परवाना कामगार खात्याचाच असतो. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा तेव्हा होता. त्याखाली ठेकेदाराला परवाना घ्यावा लागायचा आणि जास्तीत जास्त किती माणसं लावणार तो आकडा अर्जात लिहावाच लागायचा. म्हणजे ज्या आकड्यासाठी मी अकरा महिने झोप मोडत होते, तो त्याच इमारतीत, बहुधा त्याच मजल्यावर, कुठल्यातरी कपाटात सहीशिक्क्यासकट पडला होता.

माहिती अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. तीस दिवसांची मुदत, अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर. दोन रुपये पान या दरानं चार पानं, आठ रुपये. परवान्यात कामगारांची संख्या होती २२०. म्हणजे आमचंही मोजणं आठनं चुकलंच होतं! पण दहा टक्के बाविसाला बावीसच, आणि आमच्याकडे चौसष्ट. मॅडमसमोर ती पानं ठेवली. त्यांनी शिक्का पाहिला. त्यांच्याच कार्यालयाचा. खोडरबर घेतलं, पेन्सिलीचा गोल पुसला, पेनानं २१२ च्या जागी २२० लिहून माझी छोटी सही घेतली.

"हे आधी आणायचं ना," म्हणाल्या.

आजही त्या वाक्याचा मला राग आहे. मॅडमचा तितका नाही. एकट्या बाईच्या टेबलावर फायलींची भिंत होती आणि दुपारचा डबा त्या फायलींवरच उघडायच्या. पण आधीच सांगायला काय झालं होतं?

त्यानंतर उरलेलं काम पटकन झालं. मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली, निम्मं कार्यालय निवडणुकीच्या कामाला गेलं, तरी एप्रिल २०२४ मध्ये प्रमाणपत्र हातात आलं. मामांनी ते लॅमिनेट केलं, म्हणजे आता त्यावर काही लिहिता येत नाही, पण जाऊ दे.

आठवेल तसं लिहिते. प्रत्येक कागदाची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. घटनेत संघटना विसर्जित कशी करायची याचं कलम लागतंच. आम्ही ते गाळलं होतं, मांडवातच काडीमोडाचा कागद कशाला म्हणून, आणि घटना परत आली. निवडणूक तीन वर्षांच्या आत, हिशेबाची तपासणी दरवर्षी, हेही घटनेत हवं. १९२६ च्या कायद्यात वर्गणी किमान वर्षाला बारा रुपये होती, असंघटित क्षेत्रात तीन. आम्ही महिन्याला वीस घेतो, फुकट दिलेल्या सभासदत्वाला कुणी विचारत नाही. आणि बाहेरचे पदाधिकारी एकतृतीयांश किंवा पाच, यातल्या कमी आकड्याहून जास्त नकोत. काकांना आम्ही म्हणूनच सल्लागार ठेवलं, पदाधिकारी केलं नाही.

आता कायदा बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९२६ चा कायदा औद्योगिक संबंध संहितेत गेला. कलमांचे आकडे बदलले, तेव्हा आमचं चहाच्या डागांचं पुस्तक घेऊन जाऊ नका. पण सात सह्या आणि दहा टक्के किंवा शंभर ही अट तशीच आहे, म्हणजे 'कशावरून?' पण तसाच राहणार. अनेक संघटना असतील तिथे मालकाशी बोलणी करणारी एकमेव संघटना व्हायला ५१ टक्के लागतात. नोंदणी झाली म्हणजे मालक खुर्ची देईल असं नाही, हे आम्हालाही उशिरा कळलं.

या संहितांविरुद्ध ९ जुलै २०२५ ला देशभर संप झाला, महिना २६ हजार किमान वेतनाचीही मागणी होती. रुग्णालयात काम टाकून जाणं आमच्या कुणाच्याच मनाला पटेना. आम्ही काळ्या फिती लावून ड्युटी केली. त्या दिवशी कायम नोकरीतल्या नर्सेसनीही फिती मागून घेतल्या. एरवी त्या आमच्या चहाच्या टेबलावर बसत नाहीत. फिती कमी पडल्या म्हणून लॉन्ड्रीत जुन्या काळ्या कापडाच्या पट्ट्या कापल्या. साप्ताहिक सुट्टी आम्हाला फिरती असते, तीही ठेकेदार कापतो, आणि कापली की मामा दरवेळी नारायण मेघाजी लोखंड्यांचं नाव घेतात: १० जून १८९० ला गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्यामुळे. मामांचा ठेकेदाराला प्रश्न असतो, "एकशे पस्तीस वर्षं मागे जायचंय का?" ठेकेदाराला तो कळत नाही.

पीएफच्या पाचपैकी तीन महिन्यांची रक्कम पासबुकात आली. दोन महिने अजून भांडण चालू आहे. पत्र दिलेल्या दोघींपैकी एक परत सभासद झाली.

यंदा वार्षिक विवरणपत्र द्यायला गेले. तेच टेबल, त्याच मॅडम. सभासदसंख्येच्या रकान्यात मी १३८ लिहिलं होतं. त्यांनी पेन्सिल उचलली. मी काही न बोलता साखरेच्या पिशवीतून सगळी पावतीपुस्तकं काढून टेबलावर रचली. मॅडमनी चष्मा लावला आणि एकेक स्थळप्रत मोजायला सुरुवात केली. पाऊण तास मोजत होत्या. १३८ भरल्या.