उशिरा पोहोचलेला डोस आणि एक बैठक

आमच्या वॉर्डात जंतुसंसर्गामुळे रक्तदाब कोसळलेल्या एका रुग्णाला प्रतिजैविकाचा पहिला डोस ऑर्डर लिहिल्यानंतर जवळजवळ दोन तासांनी मिळाला. अशा अवस्थेत, म्हणजे सेप्टिक शॉकमध्ये, हे औषध शक्यतो तासाभराच्या आत द्यावे, असे २०२१ मधील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. रुग्ण अतिदक्षता विभागातून सुखरूप बाहेर आला, तरी हा विलंब सोडून देण्यासारखा नव्हता. एरवी अशा वेळी परिचारिकेकडून लेखी खुलासा मागवला जातो आणि प्रकरण फाइलबंद होते. विभागप्रमुख म्हणून मी खुलासा न मागवता आढावा बैठक बोलावली आणि ती चालवण्याची जबाबदारी नुकतेच कन्सल्टंट झालेल्या एका तरुण सहकाऱ्यावर सोपवली. निदानात त्यांचा हात धरणारे विभागात फार थोडे. पण बैठक त्यांनी कधी चालवली नव्हती.

बैठकीच्या आधी ते रात्रपाळीत स्वतः वॉर्डापासून औषधभांडारापर्यंत चालत गेले आणि ऑर्डरपासून सलाइनपर्यंतची प्रत्येक पायरी, कोण कोणाची वाट पाहत थांबते यासह, लिहून आणली. बैठकीत तोच कागद त्यांनी फळ्यावर उतरवला आणि सांगितले की, सर्वांत कनिष्ठांनी आधी बोलायचे, वरिष्ठांनी शेवटी.

त्या रात्रीच्या सिस्टर चाचरतच बोलू लागल्या. औषध राखीव गटातले असल्याने वरिष्ठांची सही लागणार होती आणि ते दुसऱ्या मजल्यावर एका अत्यवस्थ रुग्णापाशी होते. शिवाय ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू शोधण्याच्या तपासणीच्या, बाटल्या संपल्या होत्या, आणि ‘आधी कल्चर, मग औषध’ ही राउंडवरची सूचना त्यांनी तंतोतंत पाळली होती. कल्चर आधी घ्यावे हे खरेच, पण त्यासाठी औषध अडवून ठेवायचे नाही, हा त्या सूचनेचा दुसरा अर्धा भाग त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. तेवढ्यात एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, “एवढी साधी गोष्ट कळू नये?” तरुण सहकारी शांतपणे म्हणाले, “सर, तुमचे म्हणणे मला हवेच आहे, पण आधी सिस्टरांचे पूर्ण होऊ द्या.” सिस्टरांनी मग बाटल्यांची मागणी दोनदा नोंदवलेली वहीच पुढे केली.

सर्वांना असे बोलते करण्याचा विचार इतरत्रही दिसतो: शस्त्रक्रियेच्या सुरक्षा-तपासणीसूचीत चमूतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे, असा एक मुद्दा आहे. अनेकांना तो निव्वळ औपचारिकता वाटतो. ही सूची वापरल्यावर आठ रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात या एका मुद्द्याचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. पण एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे धोका दिसल्यावर बोलण्याची शक्यता वाढते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

हे औषध वॉर्डातच ठेवावे, असा विचार पुढे आल्यावर खरी कसोटी औषधभांडारप्रमुखांनी लावली. वॉर्डात साठा ठेवला तर हिशेब लागत नाही आणि औषधे मुदतबाह्य होतात, ही त्यांची हरकत रास्त होती. तरुण सहकाऱ्यांनी ती उडवून लावली नाही. दोनच डोस कुलपात ठेवायचे, प्रत्येक पाळीच्या हस्तांतरात मोजायचे, मुदत जवळ आली की बदलून घ्यायचे आणि पहिल्या डोससाठी सही नंतर चालेल, असा तोडगा त्यांनी तिथेच मान्य करून घेतला. कल्चरच्या बाटल्या त्याच ट्रेमध्ये ठेवायच्या, हेही ठरले. प्रत्येक कामापुढे एक नाव आणि एक तारीख लिहिल्यावरच त्यांनी बैठक संपवली.

साठा, पाळ्या, हिशेब, मतभेद मिटवणे यांविषयी पदव्युत्तर परीक्षेत आम्हाला कोणी एक प्रश्न विचारला नव्हता, आणि तरीही कन्सल्टंट झाल्या दिवसापासून ही कामे अंगावर येतात. ती अनुभवाने आपोआप येतील, असे मानणे मला रुग्णांवर अन्याय करणारे वाटते. इंट्यूबेशन, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालणे, जसे ज्येष्ठांच्या नजरेखाली शिकवतो, तसेच हेही शिकवायला हवे.

रात्रपाळीतील मदतनीस दोन मजले सांभाळतो, हा मुद्दा मात्र त्या दिवशी सुटला नाही, कारण त्यासाठी प्रशासनाकडून वाढीव पद मंजूर व्हावे लागेल. तो प्रस्ताव सहकाऱ्यांनीच लिहायला घेतला आहे. खर्चाची बाजू आम्ही दोघे मिळून तपासू, मांडणी मात्र तेच करतील आणि मी शेजारी बसेन.