बाबांची आरोग्य पॉलिसी कंपनीने बंद केली तेव्हा

गेल्या वर्षी विमा कंपनीचं पत्र आलं. बाबांचा ज्येष्ठ नागरिकांसाठीचा प्लॅन कंपनी मागे घेत होती, पुढच्या रिन्यूअलला तो मिळणार नव्हता. बाबांचं वय 74, मधुमेह आणि बीपी जुना, अँजिओप्लास्टी झालेली. पत्र वाचून त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं भरलेले हप्ते पाण्यात गेले का गं?"

नाही जात. प्लॅन बंद होतो, पण तुम्ही खंड न पाडता भरलेली वर्षं तुमचीच राहतात. मात्र ती नव्या पॉलिसीत आपोआप येतील असं धरून चालू नका, ती मागून घ्यावी लागतात. आमची सगळी धडपड त्यासाठीच होती.

सगळ्यात आधी मी पॉलिसीची जाडजूड पुस्तिका काढली. त्यात प्लॅन मागे घेण्याबद्दल स्वतंत्र कलम असतं. मुदत संपण्याच्या 90 दिवस आधी कंपनीने कळवायचं आणि त्याच कंपनीच्या मिळत्याजुळत्या प्लॅनमध्ये जायची संधी द्यायची, तीही जमलेला बोनस (क्लेम न केल्याबद्दल वाढलेली विमा रक्कम) आणि पूर्ण झालेला वेटिंग पिरियड (ठरावीक आजारांचा खर्च मिळण्याआधी थांबायचा काळ) कायम ठेवून. याला मायग्रेशन म्हणतात. दुसऱ्या कंपनीत गेलात तर ते पोर्टिंग. दोन्हीकडे अट एकच, मध्ये खंड पडता कामा नये.

याचं मोल म्हाताऱ्या माणसाला किती, ते बघा. कोरी पॉलिसी घेतली तर आधीपासून असलेल्या आजारांवर 36 महिन्यांपर्यंत वेटिंग लागू शकतं. स्टेंट असलेल्या 74 वर्षांच्या माणसाने हृदयाच्या दुखण्यासाठी तीन वर्षं थांबायचं, मग त्या विम्याला अर्थ काय उरला? शिवाय सलग 60 महिने पूर्ण झाले की 'अमुक आजार लपवला' असं म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. ही मुदत आधी आठ वर्षांची होती, 2024 मध्ये पाचवर आली. बाबांची पाच वर्षं कधीच पूर्ण झाली होती. मात्र विमा रक्कम वाढवून घेतली, तर वाढीव रकमेपुरती मोजणी नव्याने सुरू होते.

आमचे एजंट घरी आले ते फॉर्म घेऊनच. "ताई, जुनं सोडा आता. हा प्लॅन भारी आहे, रूमला लिमिट नाही. काकांची सही घेतो, आजच पाठवतो." फॉर्म हातात घेऊन पाहिला. मागच्या पॉलिसीच्या तपशिलाचे रकाने रिकामे होते. म्हणजे तो सरळ नव्या ग्राहकाचा अर्ज झाला असता. अँजिओप्लास्टीचं "इतकं डिटेलमध्ये लिहायची गरज नाही," असंही ते म्हणाले. मी लिहिली, तारखेसकट, आणि डिस्चार्ज समरी जोडली. आजार लपवून घेतलेली पॉलिसी नेमकी गरजेच्या दिवशी हात वर करते.

त्यानंतर तोंडी बोलणं बंद करून कंपनीला ईमेल केला. मायग्रेशनसाठी कोणते प्लॅन आहेत, बोनस किती येईल, वेटिंग पिरियड पूर्ण धरणार का, को-पेमेंट (बिलातला आपण भरायचा हिस्सा) किती, एवढंच विचारलं. उत्तरात छापील मजकूर आला, त्यात यातलं काहीच नव्हतं. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. त्यात आयआरडीएआय या विमा नियामकाच्या 30 जानेवारी 2025 च्या आदेशाचा उल्लेख केला. ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, किंवा त्यांचा वैयक्तिक प्लॅन मागे घ्यायचा असेल, तर कंपनीने आधी आयआरडीएआयशी सल्लामसलत करायला हवी, असं त्यात आहे. तरीही सामसूमच. शेवटी आयआरडीएआयच्या बिमा भरोसा या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवली. पोर्टल जमत नसेल तर 155255 या क्रमांकावर फोन करूनही नोंदवता येते. तक्रारीचा टोकन नंबर मिळाला आणि त्यानंतर मात्र कंपनीतून कागद समोर ठेवून बोलणाऱ्या बाईंचा फोन आला. यानेही काम झालं नसतं तर विमा लोकपालाकडे जायची तयारी होती. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

मायग्रेशनचं चालू असतानाच दोन कंपन्यांकडे पोर्टिंगचे अर्ज टाकले. आमच्या पॉलिसीत त्यासाठी रिन्यूअलच्या किमान 45 दिवस आधीची मुदत होती, म्हणून ते आधी उरकलं. एका कंपनीने अँजिओप्लास्टी बघून नकार दिला, दुसरी जादा प्रीमियम लावून घ्यायला तयार झाली. पोर्टिंगचा हक्क आहे म्हणजे समोरची कंपनी घेईलच असं नाही, हे ज्येष्ठांच्या बाबतीत पक्कं लक्षात ठेवा. पोर्टिंगचा लेखी होकार हातात येईपर्यंत मायग्रेशनचा दरवाजा बंद करू नका.

दोन्ही पर्याय समोर आल्यावर बाबांचं लक्ष आधी प्रीमियमकडे गेलं. मी खोलीभाड्याच्या ओळीवर बोट ठेवलं. एका प्लॅनमध्ये रोजच्या खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या 1 टक्का होती, म्हणजे पाच लाखांच्या पॉलिसीत पाच हजार. त्याहून महाग खोली घेतली तर फक्त खोलीचा फरक भरून सुटका होत नाही, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचा खर्चही त्या प्रमाणात कापला जातो. मोतीबिंदूची मर्यादा आणि को-पेमेंटही असंच ओळ न् ओळ वाचलं. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झालाय, त्यामुळे जुन्या पावतीशी तुलना करताना करासकटचा आकडा धरू नका. आम्ही मायग्रेशन निवडलं.

पैसे मुदत संपायच्या आत भरले. वार्षिक पॉलिसीला मुदत संपल्यावर पैसे भरायला 30 दिवसांची सवलत असते, पण ती रिन्यूअलसाठी. त्या मधल्या दिवसांत दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर तो खर्च मिळत नाही.

नवी पॉलिसी आली. पहिल्या पानावर बाबांच्या नावासमोर एक रकाना होता, 'पहिल्या पॉलिसीची सुरुवात'. तिथे याच वर्षीची तारीख! बोनसच्या जागी शून्य. ईमेलमध्ये सगळं कबूल केलेलं, पण उद्या कॅशलेसच्या टेबलावरचा माणूस ईमेल थोडाच वाचणार आहे? त्याच्यासमोर हेच पान असणार. जुनी सगळी शेड्यूलं (पॉलिसीच्या तपशिलाची पानं) स्कॅन करून पाठवली, दुरुस्तीचं एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचा अधिकृत कागद, मागितलं. कोरी पॉलिसी नापसंत असेल तर हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते, पण मायग्रेशन किंवा पोर्टिंगने घेतलेल्या पॉलिसीला ती सोय सहसा नसते. आणि बाबांच्या वयात परत करून जायचं तरी कुठे, म्हणून दुरुस्तीसाठीच नेट लावला. योग्य तारीख आणि बोनस छापलेला कागद आला तेव्हा बाबांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला.

याच दरम्यान त्यांचं केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढलं. 70 पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मिळतात. खासगी पॉलिसी असली तरी चालते. आधार लागतं.

आता सासूबाईंची पॉलिसी बघायची आहे. ती बँकेच्या खातेदारांसाठीच्या ग्रुप प्लॅनमधली. बँकेने विमा कंपनी बदलली की असे प्लॅन बंद पडतात. त्या कंपनीच्या वैयक्तिक प्लॅनमध्ये त्यांना जाता येईल का आणि कोणत्या अटींवर, हे आत्ताच लेखी विचारलं आहे. आधीच्या वर्षांची शेड्यूलं बँकेकडून मागवली आहेत.