निळी डिस्क बरोबर न्या: जुन्या पीएस-२ साठी मारलेल्या तीन फेऱ्या

घरी येऊन सॅक उतरवली तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. पावणेअकराला टीव्हीवर लाल पडदा. पीएस-२, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन २ हा गेम कन्सोल, ज्याने वापरलाय त्याला हा पडदा समजावून सांगायला नको. मशीन म्हणतंय, ही डिस्क काही ओळखू येत नाही, प्लेस्टेशनची किंवा प्लेस्टेशन २ ची घाला. डिस्क प्लेस्टेशन २ चीच होती. माझी स्वतःची, एक ओरखडा नसलेली. आणि कन्सोलच्या डोक्यावर अजून ‘रिफर्बिश्ड, टेस्टेड ओके’ हे स्टिकर मिरवत होतं.

राग अजून उतरलेला नाही, म्हणून लगेच लिहायला बसलेय. जुना पीएस-२ विकत घ्यायला तीन फेऱ्या झाल्या. पहिली फसवणुकीत गेली, दुसरी माझ्याच मूर्खपणात, तिसरी ठीक. जाणाऱ्यांनी पहिल्या दोन नीट वाचाव्यात.

कन्सोल कोणता आणि का, यात वेळ घालवत नाही. पीएस-२ २००० साली आला, २०१३ च्या सुरुवातीपर्यंत बनत होता आणि पंधरा कोटींच्या वर खपला. त्यामुळे मिळायला तोटा नाही, तोटा आहे तो धड चालणाऱ्यांचा. शेवटी बनलेलासुद्धा आता दहा वर्षांच्या पुढचा आहे आणि त्याच्या आत फिरणारी, सरकणारी, झिजणारी यंत्रणा आहे, हे विकणारे सोयीस्करपणे विसरतात.

पहिली फेरी. जाहिरातीत जुना जाडा मॉडेल, ५०००० मालिकेतला (म्हणजे मॉडेल नंबर पन्नास हजारांतला), फोटो चकाचक. दोन गाड्या बदलून पोचले, लिफ्ट बंद, पाच मजले चढले. वर गेल्यावर मशीन खरोखरच नव्यासारखं दिसलं. फटींमध्ये धूळ नाही, ट्रे सुळकन बाहेर येतो, तळाच्या स्क्रूंवरची छोटी प्लास्टिकची टोपणं सगळी जागच्या जागी. विकणाऱ्याने त्याच्याकडची गाड्यांच्या शर्यतीची एक डिस्क घातली. पाच सेकंदांत लोगो, मग मेनू, मग शर्यत. दहा मिनिटं मी खेळले, दोनदा भिंतीवर आपटले, खूश झाले. पैसे दिले. उतरताना पाच मजले जाणवलेही नाहीत.

आता ती गोष्ट, जी पाच मजले चढायच्या आधी मला कोणीतरी सांगायला हवी होती.

पीएस-२ चे गेम दोन प्रकारच्या डिस्कवर आले. बहुतेक डीव्हीडीवर, ज्यांचा तळ चांदीसारखा. काही लहान आणि सुरुवातीच्या काळातले गेम सीडीवर, ज्यांचा तळ निळा. डिस्क उलटी केली की कळतं. कन्सोलच्या लेझरमध्ये यासाठी दोन वेगळे डायोड, म्हणजे किरण सोडणारे बारीक भाग असतात, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि सीडीसाठी ७८० चा. दोन्ही एकाच भिंगातून बाहेर पडतात पण एकाच वेळी मरत नाहीत. म्हणजे चांदीची डिस्क लोण्यासारखी चालेल आणि निळी घातली की लाल पडदा. उलटंही होतं. पहिल्या प्लेस्टेशनच्या काळ्या तळाच्या डिस्कसुद्धा सीडीच, त्यामुळे तो डायोड गेला की त्याही गेल्या.

दुसऱ्या दिवशी विकणाऱ्याला फोन केला. म्हटलं, एक गेम चालत नाहीये. तो म्हणाला, “मॅडम, निळ्या डिस्का आता खेळतं तरी कोण?”

निळी हा शब्द मी उच्चारलाच नव्हता.

फोन ठेवला आणि स्क्रूड्रायव्हर घेतला. (टोपणं काढायला टोकदार काहीतरी लागतं. स्क्रू किती खोल आहेत ते बघून मगच बिट निवडा.) आत लेझरच्या गाडीवर अगदी बारीक पोटेन्शिओमीटर असतात, लेझरची ताकद कमीजास्त करणारे. डीव्हीडीच्या पोटेन्शिओमीटरच्या खाचेत धातू ताजा चकाकत होता, बाजूच्याचा मळलेला. कोणीतरी नुकताच तो फिरवला होता. यालाच या धंद्यात ‘रिफर्बिश’ म्हणतात असं आता माझं मत झालंय. थकलेल्या डायोडला जास्त करंट पाजायचा, तो काही आठवडे किंवा महिने धावतो आणि नेहमीपेक्षा लवकर मरतो. नवा लेझर घातला असेल तर विकणारा ते आपणहून, आवाज चढवून सांगतो. नुसतंच ‘सर्व्हिस केलंय’ म्हणाला तर समजा की पोटेन्शिओमीटर फिरवलाय आणि वरून फडकं मारलंय.

त्याच फेरीतली दुसरी लूट म्हणजे ‘कॉम्बो’. कन्सोलच्या किमतीवर एक कंट्रोलर आणि एक मेमरी कार्ड वेगळं लावलं, आणि घासाघीस संपल्यावर लावलं. कार्डावर ६४ एमबी लिहिलेलं. सोनीचं नेहमीचं कार्ड ८ एमबीचं असतं आणि त्यावर मॅजिकगेटची खूण असते. हे ६४ वालं तिसऱ्या कुणाचं तरी, आणि चौथ्या दिवशी त्याने माझा सेव्ह, म्हणजे गेममध्ये कुठवर पोचले त्याची नोंद, गिळला. कंट्रोलरही नकली. ते ओळखायला एक सोपी युक्ती आहे. खऱ्या ड्युअलशॉक २ ची, म्हणजे सोनीच्या कंट्रोलरची, बटणं दाब ओळखतात. ज्या शर्यतीच्या गेममध्ये हे वापरलंय त्यात एक्स बटण अर्धवट दाबलं की गाडी हळू जाते, पूर्ण दाबलं की सुसाट. नकलीत एकतर शून्य, नाहीतर सुसाट. कॉम्बो घेऊ नका. कन्सोल एकटा घ्या, बाकी सामान वेगळीकडून.

दुसरी फेरी त्याच आठवड्यात, रागाच्या भरात. यावेळी स्लिम, ७०००० मालिकेतला, २००४ मध्ये आलेला पातळ मॉडेल. प्रवास जवळचा, माणूस सभ्य, डिस्क माझ्या तीन. आणि मी शहाणी होऊन घरून कंपोनंट केबल (साध्या केबलपेक्षा स्पष्ट चित्र देणारी) नेली, म्हणजे पिक्चर नीट तपासता येईल. जोडलं, चालू केलं आणि अख्खा पडदा हिरवट. मेनू हिरवा, लोगो हिरवा. तो माणूस म्हणत होता की काल पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांवर व्यवस्थित दिसत होतं. मी मान डोलावली, मनात म्हटलं हो हो, पहिल्या फेरीचा अनुभव ताजा आहे, आणि निघाले. निळी डिस्क घालूनसुद्धा पाहिली नाही.

अर्ध्या वाटेत, गाडीत उभी असताना ट्यूब पेटली. पीएस-२ च्या सिस्टिम सेटिंगमध्ये कंपोनंट व्हिडिओ आउटचे, म्हणजे रंग टीव्हीकडे पाठवायचे, दोन पर्याय असतात, एक वाय-सीबी-सीआर आणि दुसरा आरजीबी. मशीन आरजीबीवर असताना कंपोनंट केबल लावली तर रंगांची अशीच वाट लागते. मशीनमध्ये काडीचाही बिघाड नव्हता. पुढच्या स्टॉपवर उतरून फोन केला तर मी गेल्यावर आलेल्या माणसाने ते उचललं होतं. त्या माणसाला माझ्या शुभेच्छा, मनापासून नाहीत. तेव्हा साधी पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची कंपोझिट केबल बरोबर हवीच. चित्र गढूळ येईल पण रंग बरोबर येतील, आणि मग सेटिंग बदलून कंपोनंट लावता येईल.

तिसऱ्या फेरीबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. गेले, तपासला, घेतला, आले. ५०००० मालिकेतलाच जाडा, मळकट, एका कोपऱ्यावर चरा. तिन्ही डिस्क वाचतो. घड्याळ दर वेळी विसरतो, म्हणजे आतला सीआर २०३२ सेल संपलाय. ते दुखणं किरकोळ आहे, त्यावर किंमत मात्र जरूर पाडून घ्या.

आता तुम्ही निघणार असाल तर पिशवीत काय हवं ते सांगते. निळ्या तळाचा एक गेम, चांदीच्या तळाचा एक, आणि जमलं तर दोन थरांची डीव्हीडी, ग्रान टुरिस्मो ४ सारखी, कारण दमलेला लेझर पहिला थर वाचून दुसऱ्यावर गळपटतो. या डिस्क तुमच्या आणि स्वच्छ असाव्यात, नाहीतर विकणारा दोष डिस्कवर ढकलणार. स्वतःचा कंट्रोलर, स्वतःचं कार्ड, कंपोझिट केबल, टॉर्च. विकणाऱ्याकडे टीव्ही आहे का हे आधी विचारा. ‘टीव्ही नाही, पण दिवा लागतो बघा’ हे उत्तर आलं तर घरीच बसा. हिरवा दिवा लागण्याचा आणि गेम चालण्याचा काही संबंध नाही.

आधी निळी डिस्क घाला, मशीन गार असताना. मग चांदीची घालून निदान अर्धा तास चालू ठेवा आणि त्यानंतर पुन्हा निळी. मी पहिल्या फेरीत दहा मिनिटांत समाधान मानलं. पण काही मशीन गरम झाल्यावरच डिस्क वाचायचं सोडतात. या अर्ध्या तासात विकणारा चुळबुळ करेल, कुणीतरी दुसरा गिऱ्हाईक वाटेत आहे असं सांगेल. सांगू द्या. मधल्या वेळात कंट्रोलरच्या काड्या सोडून बघा, पात्र आपोआप चालायला लागतंय का. पंख्याचा आवाज ऐका. डिस्क फिरताना मधूनमधून टकटक येत असेल, भिंग पुन्हा पुन्हा मागेपुढे सरकून शोधत असेल, तर त्याचे दिवस भरत आलेत. गेममधल्या चित्रफिती अडखळतात का तेही पाहा. खेळताना चालून जाणारा दोष तिथे उघडा पडतो.

चालू करताना काळोखात उभे राहणारे मनोरे दिसतात ते माझे लाडके. कार्डावर किती गेम किती वेळा खेळले गेले याची नोंद असते, त्यावरून ते उगवतात. विकणाऱ्याचं जुनं कार्ड खाचेत असेल आणि मनोऱ्यांचं जंगल उभं राहिलं, तर ‘फार वापरलेला नाही’ हे वाक्य त्याला पुन्हा एकदा म्हणायला लावा. नोंद कार्डाची असते, मशीनची नव्हे, तेव्हा हा काही पुरावा नाही. पण चेहरा बघण्यासारखा होतो.

मागच्या लेबलवरचा मॉडेल नंबर वाचल्याशिवाय घर सोडू नका, फोटो मागवा. शेवटचा आकडा प्रदेश सांगतो. ० म्हणजे जपान, १ उत्तर अमेरिका, ३ ब्रिटन, ४ उरलेला युरोप. तुमच्या डिस्क एका प्रदेशाच्या आणि मशीन दुसऱ्या, तर पुन्हा तोच लाल पडदा, आणि तेव्हा दोष लेझरचा नसतो. स्लिम घेत असाल तर अडॅप्टर उचलून वाचा. ७०००० मालिकेला ८.५ व्होल्ट लागतात आणि लोक मिळेल तो अडॅप्टर खुपसून देतात. ९०००० मालिकेत पॉवर सप्लाय आतच आहे, ही कटकट नाही.

एक सापळा अजून. ‘डिस्कची भानगडच नको, सगळं पेनड्राइव्हवर आहे’ असं कौतुकाने सांगणारे भेटतील. मेमरी कार्डावरच्या सॉफ्टवेअरने ते होतं, खोटं नाही. पण पीएस-२ ची यूएसबी १.१ आहे, बाबा आदमच्या जमान्यातली. चित्रफिती रांगत चालतात. आणि मला तरी अजून असा विकणारा भेटलेला नाही की जो पेनड्राइव्हचं गुणगान गातो आणि ज्याचा डिस्क ड्राइव्ह धड आहे. सरळ डिस्क घाला म्हणा. नाही म्हणाला तर किंमत डिस्क ड्राइव्ह मेलाय असं धरून ठरवा.

दुसऱ्या कन्सोलचं विचाराल तर दोनच ओळी. पीएस-२ चे गेम चालवणारा पीएस-३ हवा म्हणून २००६-०७ चे अगदी सुरुवातीचे मॉडेल शोधू नका. दुर्मिळ म्हणून महाग असतात, वर पिवळ्या दिव्याचं मरण (पिवळा दिवा लागून मशीन कायमचं बंद पडणं) डोक्यावर टांगलेलं. एक्सबॉक्स ३६० हवा असेल तर २०१० चा स्लिम किंवा त्यानंतरचा. त्याआधीच्या मशीनवर बिघाड झाला की तीन लाल दिवे लागायचे, त्या दुखण्यापायी मायक्रोसॉफ्टला २००७ मध्ये त्या दोषाची वॉरंटी तीन वर्षांवर न्यावी लागली आणि एक अब्ज डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढावी लागली. त्यातलं वाचलेलं मशीन तुमच्याच नशिबात येईल असं समजू नका.

परतीच्या प्रवासात डिस्क आत ठेवू नका आणि जाडा मॉडेल उभा-आडवा आपटू देऊ नका. दोन किलोच्या आसपासचं ओझं आहे, मांडीवर धरता येतं.

फसलेला पहिला कन्सोल मी काल विकायला काढला. पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘निळ्या डिस्क वाचत नाही’. आतापर्यंत तीन फोन आले. तिघांनीही विचारलं, निळ्या डिस्क म्हणजे काय?