एका टायरसाठी नऊ दिवस

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी बाबांच्या २००४ सालच्या मारुती झेन गाडीचे टायर बदलले. चारपैकी तीन टायर एका सकाळी बसले; चौथ्याने नऊ दिवस घेतले. त्या नऊ दिवसांचा राग अजून पुरता निवळलेला नाही, आणि जुनी गाडी जपणाऱ्या इतरांवरही हीच वेळ येऊ शकते, म्हणून तो प्रकार सविस्तर लिहीत आहे.

गाडी नागपुरात असते आणि वर्षाकाठी जेमतेम तीन हजार किलोमीटर चालते. आधीचे टायर २०१५ चे होते. मोटारीच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल असाव्यात असा नियम आहे, आणि आमच्या टायरवर त्याच्या दुपटीहून अधिक खोली शिल्लक होती. त्यामुळे ते बदलावेत असे मला वाटलेच नव्हते. आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्या काकांनी साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भागावर, अंगठा दाबून केसासारख्या भेगा दाखवल्या, तेव्हा मी घाबरले. गाडी नुसती उभी असली तरी ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन रबराला कडक करत राहतात, आणि नागपूरचा उन्हाळा कसा असतो हे सांगायला नको. एप्रिलमध्ये आईला घेऊन समृद्धी महामार्गाने नाशिकला जायचे होते. १२० किलोमीटर वेगमर्यादेच्या काँक्रीटच्या रस्त्यावर, तासन्‌तास, दहा वर्षांच्या टायरवर आईला बसवण्याची माझी तयारी नव्हती.

माप गाडीच्या पुस्तिकेत होते: १४५/७० आर १३, म्हणजे रुंदी १४५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के आणि रिम, म्हणजे आतले धातूचे चाक, १३ इंचांचे. पहिल्या दुकानात सांगण्यात आले की हे माप आता कोणी विचारत नाही, १५५/८० आर १३ टाका, गाडी उंच दिसेल. घरी येऊन मी हिशेब केला. मूळ टायरचा व्यास ५३३ मिलिमीटर भरतो आणि सुचवलेल्याचा ५७८. म्हणजे स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८७ च्या आसपास धावणार, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत घासण्याची भीती वेगळीच. मूळ माप खरोखरच मिळत नसेल, तर १५५/६५ आर १३ हे पूर्वीच्या अल्टो के-१० ला येणारे माप व्यासाने जवळजवळ तेवढेच, फक्त दीड मिलिमीटरने कमी आहे. मात्र रिमची रुंदी आणि चाकाभोवतीची जागा तपासल्याशिवाय तेही घेऊ नये. मी मूळ मापावरच ठाम राहिले, आणि दुसऱ्या दुकानात ते मिळाले.

टायरवर ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. हे मला ठाऊक होते. दुकानदाराने दाखवायला आणलेल्या टायरवर ४५२४ होते, म्हणजे २०२४ चा पंचेचाळिसावा आठवडा. मी समाधानाने चारही टायरचे पैसे दिले, आणि इथेच माझी चूक झाली, कारण मी चारपैकी एकच टायर पाहिला होता.

बॅलन्सिंग (चाकाचे वजन सगळीकडे सारखे करणे) आणि अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणे) होऊन गाडी बाहेर आली. सवयीने मी चारही चाकांपाशी वाकले. तीन चाकांवर ४५२४ दिसले. मागच्या डाव्या चाकावर डीओटीची ओळ होती, पण ती अर्धवट होती. तारखेचे आकडे नव्हते. पुष्कळ टायरवर तारखेसह पूर्ण ओळ एकाच बाजूला असते आणि साधा टायर कोणतीही बाजू बाहेर ठेवून बसवता येतो, त्यामुळे एवढ्यावरून संशय घेणे योग्य नव्हते. तरी मी गाडी पुन्हा उचलायला सांगितली. काम करणाऱ्या मुलाने मालकाकडे पाहिले. मालक म्हणाले, “मॅडम, चारही एकाच लॉटचे आहेत.” मी म्हटले, “मग पाहायला काय हरकत आहे?”

चाक काढले. आतल्या बाजूला ०९२१ होते. टायर जवळजवळ चार वर्षे जुना होता.

त्यानंतरचा पाऊण तास मला शब्दशः आठवतो. “टायरला एक्सपायरी नसते, हे काय दूध आहे का?” असे मला विचारण्यात आले. व्यवस्थित ठेवलेला टायर दोनतीन वर्षांनीही वापरता येतो, हे मला मान्य आहे. परंतु माझी गाडी इतकी कमी चालते की तिचे टायर झिजून नव्हे, वयाने संपतात. त्यामुळे दुकानात गेलेली चार वर्षे म्हणजे माझ्याच पैशातून वजा झालेली चार वर्षे आहेत. ही गोष्ट मी तीन वेळा सांगितली. उत्तर म्हणून आधी तीनशे रुपयांची सूट पुढे आली, मग “रिमवर चढवलेला टायर परत घेत नाही” हा नियम आला, जो ना बिलावर होता ना भिंतीवर. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मी फोनवर लावायला घेतला, तेव्हा टायर डेपोतून मागवून देण्याचे कबूल झाले.

तोवर गाडी कशी न्यायची? काढून टाकलेल्या जुन्या टायरांतला त्यातल्या त्यात बरा टायर मागच्या डाव्या चाकावर चढवून मी चार किलोमीटर हळूहळू घरी आले आणि गाडी उभी केली. पुढे रोज फोन केला. “उद्या” हे उत्तर मी सहा वेळा ऐकले. दोनदा रिक्षाने दुकानात गेले आणि दोन्ही वेळा मालक बाहेर गेलेले होते. नवव्या दिवशी टायर आला. तो रिमवर चढवण्याआधी मी आकडे वाचले: ४७२४. चारही टायरांचे आकडे बिलावर लिहून घेतले आणि खाली सही घेतली. असे लिहून मागितल्यावर एकाही शब्दाने विरोध झाला नाही, म्हणजे पहिल्याच दिवशी मागितले असते तर हे सगळे टळले असते. आपण हे पैसे देण्याआधी करावे: प्रत्येक टायर जमिनीवर उभा असताना दोन्ही बाजू पाहाव्यात, आकडे बिलावर घ्यावेत, आणि आयएसआय चिन्हही पाहून घ्यावे.

चाके बसवणाऱ्या त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने रिमच्या कडांवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढला, जे मी सांगितलेही नव्हते. जुन्या स्टीलच्या रिमवर ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू जाते ती बहुधा याच गंजामुळे.

दोनच टायर घेणार असाल तर नवे मागच्या चाकांना लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरली तर गाडी सावरणे फार कठीण जाते. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा. नायट्रोजनसाठी मी जादा पैसे दिले नाहीत, कारण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

आणि स्टेपनी! ती मला सगळ्यात शेवटी आठवली. डिकीतला टायर एकदाही रस्त्याला लागलेला नव्हता, खाचा कोऱ्या होत्या, आणि आकडे सांगत होते २००४. एकवीस वर्षे बाबांनी आणि मी तिच्या भरवशावर प्रवास केला. पाचवा टायर मी तिसऱ्या दुकानातून घेतला. तिथल्या काकांनी न विचारता आधी तारीख दाखवली, आणि स्टेपनी डिकीत ठेवताना आकडे वरच्या बाजूला येतील अशी ठेवली.