रोडबाईकची हलकी चाकं आणि ‘क्लिअरन्स डिले’

चाकं ठरवायला वेळ लागला नाही. माझी जुनी रिमब्रेकची रोडबाईक (ब्रेक थेट रिमवर, म्हणजे चाकाच्या बाहेरच्या कडीवर दाबतात), मागे १० गिअर, मूळ चाकांची जोडी १,९०० ग्रॅमच्या आसपास. कार्बनची रिम नको होती. सिंहगड उतरताना ब्रेक सारखे दाबलेले, त्यात कार्बन रिम तापते आणि पावसात ब्रेक धरत नाही. १,५०० ग्रॅमची अ‍ॅल्युमिनियम जोडी पसंत पडली. पण इथल्या दुकानांत आता बहुतेक माल डिस्कब्रेकचा, म्हणून युरोपातून मागवली.

खोकं मुंबईत येऊन कस्टम्समध्ये अडकलं. ट्रॅकिंगवर रोज एकच ओळ, ‘क्लिअरन्स डिले’. कुरिअरवाल्यांना केवायसी हवं होतं. आधार, पॅन पाठवलं. तर बिलावर नुसतं नाव-आडनाव आणि आधारवर मधे वडिलांचं नाव, मग हा माणूस तोच कशावरून? ते स्वतःच्या सहीनिशी लिहून दिलं. मग पैसे भरल्याचा पुरावा, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट. मग पुन्हा आधार. आणि एवढं झाल्यावर मेल आली की रिमचं आयएसआय प्रमाणपत्र जोडा!

फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर पलीकडून आवाज आला, “सर, व्हील म्हणजे गाडीचंच ना?”

“अहो, सायकलचं आहे. दोन्ही मिळून दीड किलो. दीड किलोत मोटारीची चाकं येतात का?”

“मग तसं लेटरवर द्या.”

दिलं. बिलावर दुकानाने फक्त ‘व्हीलसेट’ लिहिलं होतं, सगळा घोळ तिथला. पत्रात ‘बिगरमोटर सायकलचे सुटे भाग, शीर्षक ८७१४’ (कस्टम्सच्या यादीतला आकडा) असं ठळक लिहिलं, सायकलचा फोटो लावला, आणि खोकं हललं. तुम्ही मागवणार असाल तर दुकानदाराला आधीच सांगा: बिलावर ‘सायकल’ हा शब्द आणि हा आकडा हवाच, नावही आधारवर आहे तसंच. शिवाय ड्यूटी पाठवणीच्या खर्चावरही लागते, फक्त चाकांच्या किमतीवर हिशेब करू नका. त्यांच्या गोंधळाच्या दिवसांचं गोदामभाडंही माझ्याच बिलात आलं. वाद घातला, थोडं कमी झालं. पूर्ण माफ व्हायला हवं होतं, असं मी आजही म्हणतो.

चाकं काट्यावर टाकली तर छापील वजनापेक्षा थोडी जास्त. छापील आकड्यात सहसा रिमटेप (रिमच्या आतली पट्टी) आणि स्क्युअर (चाक सायकलला आवळणारा दांडा) धरत नाहीत. हब (चाकाचा मधला भाग) ११ गिअरचा असेल आणि कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) १० ची, तर मागे १.८५ मिलिमीटरचा वायसर लागतो, नाहीतर कॅसेट डुगडुगते. तो सोबत येतो का, हे विचारून घ्या.

फरक किती? मी आणि सायकल मिळून ८० किलो. त्यात ४०० ग्रॅम म्हणजे अर्धा टक्का, तासाभराच्या घाटात फार तर १८ सेकंद. फिरतं वजन दुप्पट मोजायचं, असं कट्ट्यावर ऐकाल. ते वेग वाढवताना. एका लयीत चढताना ग्रॅम तो ग्रॅमच. तरी सिग्नलवरून सुटताना सायकल जी पळते, ती मजा मला आवडते.

आणि हो, स्पोक साध्या वाकड्या डोक्याचे घ्या. सरळ, चपटे स्पोक तुटले तर पेठेतला मिस्त्री चाकाचा आउट (वाकडेपणा) काढून देईल, पण स्पोक आणणार कुठून? पुन्हा कुरिअरनेच.