खांद्याचा एमआरआय आणि पाठीतला रॉड

पॅराप्लेजियात, म्हणजे दोन्ही पाय लुळे पडल्यावर, व्हीलचेअर ढकलणं, बेडवर-कमोडवर अंग उचलून नेणं, सगळं हातांवर. वर्षानुवर्षं असं चाललं की खांद्याचे स्नायुबंध झिजतात, सांधे घासतात. एक्स-रेत सांध्याची झीज दिसते, फाटलेला स्नायुबंध दिसत नाही. मग डॉक्टर एमआरआय लिहून देतात आणि तिथंच घोडं पेंड खातं.

"पाठीत रॉड आहे? इम्प्लांटचं पत्र आणा." काउंटरवर मला एवढंच ऐकवलं गेलं. इम्प्लांट म्हणजे मणक्याच्या ऑपरेशनमध्ये बसवलेला धातूचा रॉड आणि एमआरआय म्हणजे मोठं चुंबक, म्हणून ही चौकशी. पत्रात काय हवं, ते कोणी सांगेना. धातू टायटॅनियम की स्टील, कंपनी, मॉडेल आणि ऑपरेशनची तारीख, एवढं लागतं. डिस्चार्ज कार्डावर हे सहसा नसतं. ऑपरेशन नोट्स किंवा त्यावर चिकटवलेला इम्प्लांटचा स्टिकर मागा. जुनी फाइल रुग्णालयात सापडली नाही, तर पाठीचा एक्स-रे घेऊन थेट रेडिओलॉजिस्टना भेटा. काउंटरवरच्या माणसाला निर्णयाचा अधिकारच नसतो. टायटॅनियमचे रॉड-स्क्रू बहुतेक वेळा ठरावीक अटींवर चालतात. स्टील असेल तर रेडिओलॉजिस्टच ठरवतील. पत्र मिळालं की मोबाइलमध्ये फोटो ठेवा.

माझा खरा राग वेगळाच आहे. खांद्याची सोनोग्राफी व्हीलचेअरवर बसूनच होते, रॉडची अडचण नाही आणि पूर्ण फाटलेला स्नायुबंध त्यात चांगला दिसतो. फक्त सांध्यांच्या सोनोग्राफीचा सराव असलेला डॉक्टर हवा. पत्रासाठी पिटाळण्याआधी हे सांगायला काय हरकत होती?

एमआरआयच करायचा असेल तर आपली व्हीलचेअर आत नेता येत नाही. चुंबकाला चालणारी ट्रॉली आणि उचलायला दोन माणसं आधीच सांगून ठेवा. टेबल कडक असतं. माकडहाड आणि टाचांखाली फोम मागा. आत जाण्यापूर्वी लघवी काढून घ्या.

"खांद्याला विश्रांती द्या" म्हणतात, पण मग हलायचं कसं? निदान भार कमी करता येतो. ट्रान्सफर बोर्ड, म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे सरकायची गुळगुळीत फळी, वापरा, दोन्ही जागांची उंची सारखी ठेवा. बसून बसून जखम होऊ नये म्हणून अंग हातांवर उचलण्याऐवजी पुढे किंवा बाजूला वाका. मागच्या चाकाचा आस, खुर्ची मागे कलंडणार नाही इतपत, पुढे घ्या. चाक ढकलायच्या रिमच्या माथ्यावर हात ठेवला की कोपराचा कोन १०० ते १२० अंश हवा. दुखण्याच्या गोळ्या किडनीला विचारून, म्हणजे रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) पाहूनच.

आणि हे महत्त्वाचं: दुखण्याबरोबर हाताची ताकद कमी होत असेल, बधिरपणा वर सरकत असेल, तर दोष सांध्याचाच असेल असं नाही. मज्जारज्जूत पाण्याची पोकळी वाढलेली असू शकते. तेव्हा मानेचा-पाठीचा एमआरआय लगेच हवा.