आत्याच्या पंचांगात बाबांचा जन्म

१ जूनला मासेमारी बंद होते, उरणजवळच्या करंजाच्या बोटी किनाऱ्याला लागतात आणि आत्या नागपूरला येते. नवतप्याच्या, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, शेपटाला इथे हौसेने कोण येतं? पण पोरं-सुना घरी, म्हणून ती मोकळी. यंदा तिच्या जुन्या आठवणी रेकॉर्ड करायला तिला मी फोनपुढे बसवलं. कूलर चालू ठेवला तर रेकॉर्डिंगमध्ये नुसती घरघर, बंद केला तर आत्या पदराने वारा घेत "पुरे गो बाय" म्हणते. म्हणून आम्ही पहाटेच बसतो.

"कोणत्या साली?" हे मी विचारतच नाही. जाळ्याचं विचारलं की मात्र ती थांबत नाही. डोल, म्हणजे बोंबलाचं पिशवीसारखं जाळं, चालते पाण्याच्या ओढीवर. पुनव-अवसेच्या उधाणाला बोंबील भरून येतो, अष्टमीच्या भांगेला पाणी मंदावतं आणि जाळंही. त्यामुळे घरातला प्रत्येक जन्म, प्रत्येक भांडण तिच्याकडे तिथीवर नोंदलेलं आहे.

बाबांचंच बघा. रेल्वेच्या कागदांत जन्मतारीख १ जून. त्या काळी शाळेतल्या गुरुजींनी ही तारीख गावोगाव वाटली होती! आत्या म्हणाली, "नारली पुनव झाली, मंग चवथीला तुजा बापूस झाला. भरल्या पान्याला. दिवा लावला नव्हता."

किनाऱ्यावरचा हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे श्रावण वद्य चतुर्थी, आणि दिवा नव्हता म्हणून दुपारी तीनच्या आसपास. साल नाही सापडलं. होडीला शीड होतं, इंजिन यायचं होतं, जाळी सुताची होती, एवढंच.

बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पेन्शनवाल्यांना नको सांगू." दुसऱ्या दिवसापासून तेही पहाटे येऊन बसू लागले, आणि बहिणीला मधेमधे दुरुस्त करू लागले. आवाज एकमेकांवर चढतात, लिहून काढताना वैताग येतो. पण ती चिडली की जास्त सांगते.

होडीच्या वाट्यावरून आजोबा आणि त्यांच्या भावात काय झालं, तिथे तिने "बंद कर ते" म्हटलं. केलं.

धवले, म्हणजे लग्नातली गाणी, मात्र तिने गायलीच नाहीत. "मांडव नाय, हलद नाय, धवला कसा गाऊ?" तुळशीच्या लग्नानंतर आत्येभावाच्या मुलीचं लग्न आहे, धवले गाणारी धवलारीण ठरली आहे. माझी रजा मंजूर झाली आहे.